मासा आजारी पडला तर: औषधाची बाटली उघडण्याआधी काय, नंतर काय

डिसेंबरात निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की दोन-चार दिवसांत नाशिकमधल्या फिश टँकमध्ये पांढरे ठिपके दिसायला लागतात. मग दुकानातून निळी नाहीतर हिरवी बाटली येते, अंदाजाने पाच-दहा थेंब पडतात. दोन दिवसांत ठिपके गेले म्हणून औषध बंद होतं आणि आठवड्याभरात दुप्पट ठिपके घेऊन रोग परत येतो. चूक औषधात क्वचितच असते, चुकतो तो क्रम. खाली औषध सातव्या टप्प्यावर आहे आणि बरेच मासे तिथवर पोचायच्या आधीच सावरतात.

## आधीची तयारी: घरात काय असायला हवं

मासा आजारी पडल्यावर रविवारी रात्री दुकान शोधण्यापेक्षा हे सामान आधीच घरात ठेवा.

- अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच तपासणारा थेंबांचा टेस्ट किट. पट्ट्यांपेक्षा थेंबांचा किट भरवशाचा. मुदत संपलेला किट वापरू नका.
- वेगळा थर्मामीटर. हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका.
- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, आणि मेडिकलमधून सुईशिवाय १ मिली आणि १० मिलीच्या सिरिंज.
- २० ते ४० लिटरची रिकामी टाकी किंवा अन्नाच्या दर्जाचा प्लास्टिकचा टब, स्पंज फिल्टर, एअर पंप, हीटर, पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे.
- अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं द्रावण) आणि एक किलो साधं खडेमीठ.
- वेगळी जाळी, वेगळी बादली, वेगळी सायफन नळी. यांवर मार्करने खूण करा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी चुकून मुख्य टँकसाठी वापरणार नाही.

स्पंज फिल्टरचा स्पंज आजपासूनच मुख्य टँकच्या फिल्टरमध्ये नाहीतर एका कोपऱ्यात टाकून ठेवा. चार-सहा आठवड्यांत त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू बसतात. कोरा स्पंज लावलेली हॉस्पिटल टाकी, म्हणजे आजारी माशासाठीची वेगळी टाकी, तिसऱ्या दिवशी स्वतःच विषारी होते. मासा रोगाने गेला असं आपण समजतो, प्रत्यक्षात तो अमोनियाने गेलेला असतो.

हीटर घेताना नाशिकची थंडी धरून हिशोब करा. पुस्तकातला 'लिटरला एक वॉट' हा नियम मुंबईला चालतो. इथे जानेवारीत पहाटे खोलीतलं तापमान १५ अंशांच्या आसपास जातं, तेव्हा पाणी २८ वर ठेवायला लिटरला दीड ते दोन वॉट लागतात. ४० लिटरला ७५ किंवा १०० वॉटचा हीटर घ्या.

## १. हात न लावता दहा मिनिटं बघा

दिवा लावण्याआधी आणि खाणं टाकण्याआधी बघा. माणूस जवळ आला की मासे वागणं बदलतात, म्हणून चार-पाच फुटांवर बसा. हे कागदावर लिहा:

सगळे मासे एकाच वेळी बिघडले, की एक-दोनच? सगळेच एकदम वर येऊन तोंड उघडत असतील, तर शंभरातल्या नव्वद वेळा पाणी बिघडलेलं असतं. एकच मासा कोपऱ्यात आणि बाकीचे मजेत, तर रोग किंवा मार.

कल्ल्यांची हालचाल कशी आहे? दोन्ही कल्ले भराभर हलतायत, की एक बंद आणि एकच चालू? एकच कल्ला चालू असणं ही कल्ल्यांतल्या परजीवीची जुनी खूण आहे. पर अंगाला चिकटवलेत का, दगडावर अंग घासतोय का, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी लोंबतेय का, खाणं तोंडात घेऊन थुंकतोय का, हेही पाहा.

मग खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च काचेला तिरपा धरा. समोरून उजेड मारला तर निम्म्या खुणा दिसतच नाहीत.

शेवटी गेल्या पंधरा दिवसांत काय नवीन झालं ते आठवा. नवा मासा, नवी वनस्पती, फिल्टर धुतला, लाइट गेली होती, घरात पेस्ट कंट्रोल झालं, डासांची कॉइल किंवा स्प्रे टँकजवळ मारला. एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो, म्हणून कीटकनाशकाचा स्प्रे माशांना थेट पोचतो.

सावध: या टप्प्यावर मासा जाळीने पकडून हातात घेऊन बघू नका. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हीच त्याची पहिली ढाल असते आणि जाळीने ती सोलली जाते.

## २. पाणी तपासा

बदलण्याआधी तपासा. आधी पाणी बदललं तर पुरावाच वाहून गेला.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य असायला हवेत. 'थोडासाच' अमोनिया म्हणजेही अडचण. नायट्रेट ४० पीपीएमच्या (लिटरला ४० मिग्रॅच्या) खाली ठेवा. तापमान लिहून ठेवा, आणि जमल्यास सकाळी सहाचं आणि दुपारी तीनचं वेगळं घ्या. थंडीत हीटर नसलेल्या टँकमध्ये या दोन आकड्यांत पाच-सहा अंशांचा फरक निघाला, तर रोगाचं निम्मं कारण तिथेच सापडलं.

पीएच अमोनियासोबतच वाचायचा. २५ अंशांना पीएच ७ असेल, तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांवर जातो, म्हणजे दहापट. किटवर रंग तोच दिसतो, मासा मात्र एका टँकमध्ये जगतो आणि दुसऱ्यात मरतो.

तपासा: नळाचं पाणीही त्याच किटने तपासा. तुमच्याकडे पालिकेचं पाणी येतं, बोअरचं, की सोसायटीत दोन्हींचं मिश्रण? गंगापूर धरणाचं पाणी आणि काळ्या खडकातल्या बोअरचं कठीण पाणी यांत पुष्कळ फरक असतो. उन्हाळ्यात सोसायटीने न सांगता टँकर किंवा बोअर सुरू केला की माशांना तो पहिल्यांदा कळतो.

## ३. पाणी सुधारा

अमोनिया किंवा नायट्राइट निघाला तर आज ३० ते ५० टक्के पाणी बदला आणि आकडा शून्यावर येईपर्यंत रोज बदला. खाणं बंद. मोठा मासा चार-पाच दिवस उपाशी आरामात राहतो.

नव्या पाण्यासाठी तीन गोष्टी सांभाळा. एक, क्लोरीन. पावसाळ्यात धरणाला गढूळ पाणी आलं की शुद्धीकरणात तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढवले जातात, तेव्हा नेहमीचा अँटीक्लोरीनचा डोस कमी पडू शकतो. वेळ असेल तर उघड्या बादलीत एअर स्टोन सोडून २४ तास ठेवा. दोन, तापमान. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी जानेवारीत सकाळी बर्फासारखं आणि मे महिन्यात दुपारी हात पोळण्याइतकं असतं. टँकच्या पाण्यापेक्षा दोन अंशांहून जास्त फरक नको. तीन, घरच्या आरओचं शुद्ध पाणी 'चांगलं' म्हणून ओतू नका. त्यात क्षार जवळपास नसतात, आणि टँकचा पीएच एकाएकी कोसळू शकतो.

सावध: सहा महिने पाणी न बदललेला टँक एका दिवसात अर्धा रिकामा करू नका. तिथला पीएच हळूहळू खाली गेलेला असतो आणि अमोनिया त्यामुळेच झाकलेला राहतो. वरून जास्त पीएचचं बोअरचं पाणी ओतलं की तोच अमोनिया तासाभरात विषारी होतो. अशा टँकचं पाणी रोज १० ते १५ टक्केच बदला.

नायट्राइट असेल तर माशाचं रक्त तपकिरी होतं आणि ऑक्सिजन वाहून नेत नाही. लिटरला १ ग्रॅम मीठ हा त्यावर सरळ उपाय आहे, कारण मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धुतला की क्लोरीनने जिवाणू मरतात आणि चार दिवसांनी अमोनियाचा नवा आकडा समोर येतो. लाइट तीन-चार तास गेली असेल तर बंद डब्याचा फिल्टर तसाच चालू करू नका. आत कुजलेलं पाणी आधी ओतून टाका.

पाणी सुधारून २४ तास थांबा. पर पसरले, मासे खायला पुढे आले, तर इथेच थांबा. औषध लागत नाही.

## ४. वेगळा काढायचा की नाही

इथे नेमकं उलटं केलं जातं. पांढरे ठिपके दिसले की आजारी मासा वेगळा काढतात आणि मुख्य टँक तसाच सोडतात. त्या टँकच्या तळात परजीवीची पिल्लावळ तयार होत असते, तेव्हा उपचार सगळ्या टँकलाच हवा. उलट पर सडणं, जखम, पोट फुगणं, डोळा बाहेर येणं यांत एकटा मासा वेगळा काढा. मुख्य टँकमध्ये औषध टाकून निरोगी मासे, झाडं आणि फिल्टर यांना उगाच त्रास देऊ नका.

हॉस्पिटल टाकीत खडी नको. मुख्य टँकचंच पाणी भरा, तयार स्पंज लावा, लपायला पाइपचा तुकडा ठेवा आणि तीन बाजूंनी कागद लावा. मासा जाळीऐवजी डब्यातून, पाण्यासकट उचला.

## ५. रोग ओळखा

रव्यासारखे ठिपके. पांढरे, एकसारखे, उठावदार, १ मिलिमीटरच्या आत, आधी परांवर आणि मग अंगभर. हा 'इक', व्हाइट स्पॉट. गोल्डफिशच्या नराला विणीच्या काळात कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला ओळीने पांढरे दाणे येतात. तो रोग नाही. ठिपके फक्त तिथेच आणि मासा तरतरीत असेल तर काहीही करू नका.

सोनेरी, हळदीसारखी पूड. ठिपके इकपेक्षा खूप बारीक, तिरप्या टॉर्चमध्येच दिसणारे. हा व्हेल्व्हेट. फायटर आणि किलीफिशमध्ये जास्त.

पांढरा कापूस. सर्वांत जास्त मासे इथल्या चुकीने मरतात. दोन वेगळे रोग दुरून सारखे दिसतात. जुन्या जखमेवर उभे, लांब, मऊ तंतू आणि ते पाण्यात हलतायत, तर ती बुरशी. ओठांवर किंवा पाठीवर करडा-पांढरा सपाट थर, कडा पिवळसर किंवा लालसर, पाठीवर खोगिरासारखा पट्टा, आणि दिवसागणिक नाही तर तासागणिक वाढ, तर तो कॉलम्नॅरिस. हा जिवाणूंचा रोग आहे. मॉली आणि गप्पींमध्ये 'तोंडाला कापूस आला' म्हणतात तो बहुधा हाच. पाणी गरम केलं की तो आणखी जोर धरतो. म्हणजे 'पांढरं दिसलं, हीटर वाढवा' हा सल्ला इकला बरोबर आणि कॉलम्नॅरिसला जीवघेणा.

पर झिजणं. कडा फाटून सरळ चिरलेल्या असतील तर दुसऱ्या माशाने चावलंय, टँकमध्ये गुंड शोधा. कडा पांढऱ्या किंवा लाल होऊन आत सरकत असतील तर पर सडतायत.

खवले उभे, पोट फुगलेलं. वरून पाहिल्यावर खवले फणसाच्या काट्यांसारखे उभे दिसले तर ड्रॉप्सी. हे आतल्या बिघाडाचं, बहुधा मूत्रपिंड निकामी झाल्याचं लक्षण आहे. खवले सपाट आणि नुसतं पोट मोठं असेल तर अंडी किंवा बद्धकोष्ठ असू शकतो.

डोक्यावर खड्डे, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा. फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर, डिस्कस. आतड्यातले परजीवी, जोडीला खराब पाणी आणि एकसुरी खाणं.

अंग घासतोय, पण अंगावर काहीच नाही. आधी पाणी पुन्हा तपासा. पाणी चोख असेल तर कल्ल्यांतले किंवा त्वचेवरचे फ्लूक, म्हणजे बारीक चपटे परजीवी किडे. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ४० ते १०० पटींत त्वचेवरचा थोडा बुळबुळीत थर पाहिला तर वळवळणारे फ्लूक स्पष्ट दिसतात.

डोळ्यांनी दिसणारे किडे. हिरवट काडी अंगात रुतल्यासारखी दिसते तो अँकर वर्म. गोल, चपटी, पारदर्शक, अंगावर सरकणारी ती माशाची ऊ. दोन्ही प्रामुख्याने तळ्यात वाढवलेल्या गोल्डफिश आणि कोईंबरोबर येतात.

तपासा: दोन रोगांत नक्की ठरत नसेल तर दोन्हींची औषधं एकदम टाकू नका. अशा वेळी लिटरला १ ग्रॅम मीठ, स्वच्छ पाणी आणि जास्त हवा, एवढं करून १२ तास पुन्हा बघा. काही तासांत पसरणारा थर असेल तर मात्र कॉलम्नॅरिस धरून चाला.

## ६. पाण्याचं माप आणि डोसचं गणित

दुकानात सांगितलेलं 'दोन फुटी टँकला दहा थेंब' हे माप नाही. आतून लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा, १००० ने भागा. काच कुठवर आहे ते इथे मोजायचं नाही, पाणी कुठवर आहे तेच मोजायचं.

दोन बाय एक बाय एक फुटी टँकमध्ये बहुधा ६० × ३० × २५ = ४५,००० म्हणजे ४५ लिटर. खडी-दगडांचे साधारण १० टक्के वजा केले की ४० लिटर. हा आकडा टँकच्या मागे चिकटवून ठेवा.

लहान डोससाठी आधी द्रावण करा. ४०० मिग्रॅची गोळी कुटून ४० मिली पाण्यात मिसळली, तर १ मिलीत १० मिग्रॅ. २० लिटरच्या टाकीत लिटरला २ मिग्रॅ हवं, तर ४० मिग्रॅ, म्हणजे ४ मिली. गोळीचा चतुर्थांश नखाने तोडण्यापेक्षा हे कितीतरी अचूक. तळाशी गाळ राहत असेल तर प्रत्येक वेळी हलवून घ्या.

सावध: द्राक्षबागेच्या गावांत बोर्डो मिश्रणाच्या फवारणीसाठी आणलेलं मोरचूद घरात असतंच, आणि 'व्हेल्व्हेटला तांबं चालतं' हे वाचून चिमूटभर टाकलं जातं. हिशोब करून पाहा. चिमूट म्हणजे साधारण ०.३ ग्रॅम. मोरचूदमध्ये चौथाई तांबं, म्हणजे ७५ मिग्रॅ. ४० लिटरमध्ये ते लिटरला १.९ मिग्रॅ होतं. माशांच्या उपचाराची मर्यादा ०.२ मिग्रॅच्या आसपास. झाला दहापट डोस. मृदू पाण्यात तांबं अधिकच विषारी असतं, आणि गोगलगायी व कोळंब्या तर त्याच्या कितीतरी कमी मात्रेत मरतात.

## ७. उपचार

कोणतंही औषध टाकण्याआधी: ३० टक्के पाणी बदला, फिल्टरमधला कोळसा काढा, यूव्ही दिवा बंद करा, एअर पंप पूर्ण सोडा. कोळसा राहिला तर औषध तासाभरात तोच शोषून घेतो.

इक. अंगावर दिसणारा ठिपका कातडीखाली असतो, तिथे औषध पोचत नाही. तो गळून तळाला जातो, फुटून शेकडो पिल्लं बाहेर पडतात, आणि नवा मासा शोधत पोहणाऱ्या त्या पिल्लांनाच औषध मारतं. २५ अंशांना हे चक्र चार ते सात दिवसांत फिरतं, थंड पाण्यात काही आठवडे घेतं. म्हणून पाणी गरम करायचं: चक्र लवकर फिरावं, पिल्लं औषधाच्या तावडीत यावीत.

तापमान दर तीन-चार तासांना १ अंश असं ३० पर्यंत न्या, गोल्डफिशला २८ पुरे. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, म्हणून एअर स्टोन वाढवा. मीठ लिटरला २ ग्रॅम: ४० लिटरला ८० ग्रॅम, तीन भाग करून १२-१२ तासांनी, मगात विरघळवून. आयोडीनयुक्त मिठाची भीती अनाठायी आहे, पण खडेमीठ स्वस्त आणि साधं. सकर, कोरीडोरास, लोच आणि नाजूक झाडं असतील तर मीठ लिटरला १ ग्रॅमवर थांबवा आणि व्हाइट स्पॉटचं बाटलीतलं औषध लेबलवरच्या अर्ध्या मात्रेत जोडा. त्यात मॅलकाइट ग्रीन असेल तर हातमोजे घाला.

एकूण १० ते १४ दिवस. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही पाच दिवस पुढे चालू. मीठ उडून जात नाही: आटलेल्या पाण्याच्या जागी साधं पाणी घाला, आणि बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ पुन्हा टाका. १० लिटर बदललं तर २० ग्रॅम.

व्हेल्व्हेट. परजीवी उजेडावर वाढतो. दिवा बंद, टँकवर कापड, तापमान २८ ते ३०, मीठ लिटरला २ ग्रॅम. तयार तांब्याचं औषध फक्त हॉस्पिटल टाकीत, आणि तांब्याचा टेस्ट किट असेल तरच.

कॉलम्नॅरिस. तासांची लढाई आहे. मासा लगेच वेगळा काढा, तापमान हळूहळू २४ पर्यंत उतरवा, मीठ लिटरला २ ते ३ ग्रॅम, हवा भरपूर. प्रतिजैविक लागतं, आणि ते पशुवैद्यकाला फोटो-व्हिडिओ दाखवून, त्याच्या चिठ्ठीवरच घ्या. ऑक्सिटेट्रासायक्लिन बोअरच्या कठीण पाण्यात कॅल्शियमला चिकटून बसतं आणि बरंचसं निकामी होतं, म्हणून पाणी कोणतं आहे ते पशुवैद्यकाला आधी सांगा. दोन कॅप्सूल टाकून मासा बरा दिसला की थांबणं म्हणजे पुढच्या वेळी तेच औषध न चालण्याची सोय करून ठेवणं.

बुरशी. हॉस्पिटल टाकीत मिथिलीन ब्लू, बाटलीवरच्या मात्रेत. किती टक्क्यांचं द्रावण आहे ते छापलेलं नसेल तर ती बाटली घेऊच नका. मुख्य टँकमध्ये नको: जिवाणू मरतात आणि सिलिकॉन कायमचं निळं होतं.

पर सडणं. रोज २५ टक्के पाणी बदल आणि लिटरला १ ते २ ग्रॅम मीठ, सात दिवस. नव्या कडा पारदर्शक दिसल्या तर वाढ सुरू झाली. सड न थांबता पराच्या मुळाशी पोचली तर पशुवैद्यक.

डोक्याचे खड्डे. मेट्रोनिडॅझोल, ४० लिटरला २५० मिग्रॅ. ४०० मिग्रॅच्या गोळीचं सहाव्या टप्प्यासारखं द्रावण केलं, तर २० लिटरच्या टाकीत त्याचे १२.५ मिली. एक दिवसाआड, प्रत्येक डोसआधी २५ टक्के पाणी बदलून, तीन ते पाच डोस. सोबत खाणं बदला. नुसत्या पेलेटवर वाढवलेल्या फ्लॉवरहॉर्नचे खड्डे औषधाने थांबतात, भरत नाहीत.

फ्लूक. प्राझिक्वांटेल लिटरला २ मिग्रॅ. कल्ल्यांतले फ्लूक अंडी घालतात आणि औषध अंड्यांना मारत नाही, म्हणून सहा-सात दिवसांनी दुसरा डोस अनिवार्य. एकच डोस दिला आणि 'औषध नकली निघालं' अशी तक्रार, हे नेहमीचंच.

किडे. मासा ओल्या कापडात धरा, चिमट्याने किडा अगदी कातडीजवळ पकडून सावकाश ओढा, जखमेवर पोव्हिडोन आयोडीनचा थेंब कापसाने टेकवा. कल्ल्यांना लागू देऊ नका. हे एका मिनिटात उरका. तळात अंडी आणि पिल्लं उरतात, म्हणून तीन-चार आठवडे दर दोन दिवसांनी तपासणी. बागेतलं कीटकनाशक टँकमध्ये, कितीही पातळ करून, नको.

फुगलेलं पोट. तीन दिवस उपास, मग उकडून साल काढलेला मटारचा दाणा. गोल पोटाच्या गोल्डफिशचं तरंगणंही याने बरेचदा सुधारतं. ड्रॉप्सीत एप्सम सॉल्ट, १० लिटरला १ ते ३ ग्रॅम, सूज उतरवायला. खवले पूर्ण उभे राहिल्यावर वाचणारे मासे थोडे, हे धरूनच उपचार करा.

पोटॅशियम परमँगनेट इथे मुद्दाम दिलेलं नाही. मात्रा किंचित जास्त झाली की ते कल्ले जाळतं, आणि पीएच जास्त असलेल्या पाण्यात धोका आणखी वाढतो.

## ८. उपचार चालू असताना

रोज एकाच वेळी तापमान, अमोनिया, दिलेला डोस आणि दिसलेला बदल वहीत लिहा. औषधांमुळे फिल्टरचे जिवाणू दुबळे होतात, म्हणून अमोनिया रोज तपासायचा. खाणं निम्म्यावर.

डोस दिल्यावर पहिला तास टँकसमोरून हलू नका. मासा आडवा झाला, गरगर फिरला, उड्या मारायला लागला तर लगेच ५० टक्के पाणी बदला आणि कोळसा घाला.

सावध: डोस राहून गेला तर पुढचा दुप्पट करू नका. औषध बदलायचं असेल तर मध्ये कोळसा लावून २४ तास आणि ५० टक्के पाणी बदल.

हातावर कापलेलं असेल तर हातमोज्यांशिवाय टँकमध्ये हात घालू नका, आणि सायफन तोंडाने ओढू नका. माशांचा एक क्षयासारखा जिवाणू माणसाच्या कातडीला महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी करतो. टँक साफ केल्यानंतर हातावर अशी गाठ आली तर डॉक्टरांना मासे पाळत असल्याचं आवर्जून सांगा, नाहीतर निदान चुकतं.

## ९. वाचणार नसेल तर

आडवा पडलेला, खाणं सोडलेला, खवले उभे राहिलेला मासा दिवसेंदिवस तसाच ठेवू नका. फ्रीजर, उकळतं पाणी, संडासात सोडणं, सगळं क्रूर आहे. मेडिकलमधलं लवंग तेल घ्या. बाटलीत कोमट पाणी आणि चार-पाच थेंब तेल घालून पांढरट होईपर्यंत हलवा, आणि माशाच्या दोन लिटर पाण्यात हळूहळू ओता. तो शांत आडवा झाला की तसंच कालवलेलं आणखी तेल घाला, एकूण लिटरला ०.४ मिली होईल इतकं. कल्ले थांबल्यानंतरही अर्धा तास ठेवा. मग कुंडीत खोल पुरा.

आजारी किंवा नकोसा झालेला मासा गोदावरीत सोडू नका. बरा झालेला सकरसुद्धा नाही: तो नदीत तगतो, वाढतो आणि इथल्या माशांची जागा घेतो.

## १०. पुढचा मासा आणताना

दुकानाच्या पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. नवा मासा चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा, तापमान २६-२७, जाळी वेगळी. मुख्य टँकचं काम आधी, या टाकीचं नंतर. जाळी ओली असेतो इक तिच्यावरून प्रवास करतो, म्हणून वापरली की कडक उन्हात पूर्ण वाळवा. लक्षण नसताना औषध टाकायचं नाही. चौथ्या आठवड्यात मुख्य टँकमधला एक स्वस्त, धडधाकट मासा त्या टाकीत सोबतीला सोडा आणि आठवडाभर दोघांनाही तिरप्या टॉर्चने बघा. मध्येच दुकानातून आणखी एखादा मासा त्या टाकीत आला, तर चार आठवड्यांची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.